पऱ्यावरचा रॅम पंप : शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

विषय देण्याची आज शेवटची तारीख. वर्गातल्या निम्म्या गटांनी ई-बाईक घेतली, दोघांनी ड्रोन. एका गटाने तर शहरातल्या दुकानातून तयार प्रोजेक्ट आणायचा बेत आत्ताच पक्का केला, फक्त रंग कुठला हवा ते ठरायचंय.

आमचा गट चौघांचा. मी, शेठ (पैशांचा हिशेब त्याच्याकडे), लंबू आणि पुतण्या. पुतण्या म्हणजे ज्याच्या काकांच्या जागेत हे सगळं करायचंय तो. वही शेवटी जमा करायची आहे, म्हणून खरी नावं लिहायची नाहीत असं ठरलं. कोण कुठे चुकलं ते गटातच राहू दे.

काकांचं घर लांज्याच्या पुढे, उतारावर. खाली पऱ्या (लहान ओढा), वर परसात दोन हजार लिटरची टाकी, मधल्या उतारावर काजूची नवी कलमं. रत्नागिरी जिल्ह्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, आणि तरी मार्च उजाडला की कळशी शोधायची वेळ येते. पऱ्याला एप्रिलपर्यंत पाणी असतं, पण ते खाली. मोटर आहे, पण संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की ती नुसती घूं करत बसते.

आम्ही विषय दिला : हायड्रॉलिक रॅम पंप. वीज नको, डिझेल नको. सर म्हणाले, "हे दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. तुमचं नवीन काय?" मी म्हटलं, तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात तेवढ्याच वस्तूंतून बनवू आणि नीट मोजू. "मोजू म्हणजे काय काय मोजणार, ते लिहून आणा," एवढं बोलून त्यांनी सही केली.

२९ ऑगस्ट

सिनॉप्सिस (प्रकल्पाची रूपरेषा) लिहिला. इतिहासाचा परिच्छेद माझ्या वाट्याला. १७७२ साली जॉन व्हाइटहर्स्ट नावाच्या इंग्लंडमधल्या घड्याळजीने वाहत्या पाण्याचा नळ झटकन बंद करून पाणी वर चढवलं होतं, पण त्यात दर वेळी कुणीतरी हाताने नळ फिरवायचा. १७९६ साली फ्रान्समध्ये जोसेफ माँगोल्फिएने तो नळ आपोआप उघडेल-मिटेल अशी सोय केली. हा तोच, गरम हवेचा फुगा उडवणाऱ्या भावांपैकी थोरला. फुगा सगळ्यांना माहीत, पंप कुणाला नाही.

काम कसं चालतं ते पुतण्याच्या आईला फोनवर सांगून बघितलं, तिला समजलं तर परीक्षकाला समजेल या हिशेबाने. वरच्या बंधाऱ्यातून पाईपने पाणी खाली येतं आणि एका उघड्या झडपेतून बाहेर सांडत राहतं. सांडता सांडता वेग वाढतो, आणि तोच वेग त्या झडपेला उचलून धाडकन बंद करतो. पाईपभर धावतं पाणी एकाएकी अडलं की दाब उसळतो. त्या दाबाने दुसरी झडप उघडते, थोडं पाणी हवेच्या भांड्यात शिरतं आणि तिथून वर टाकीकडे जातं. दाब ओसरला की दुसरी झडप मिटते, पहिली स्वतःच्या वजनाने खाली पडते, आणि पुन्हा पहिल्यापासून. मिनिटाला पन्नास-साठ वेळा, रात्रंदिवस.

पुतण्याची आई म्हणाली, "म्हणजे बरंचसं पाणी वाया घालवून थोडं वर न्यायचं." बरोबर. सिनॉप्सिसमध्ये हेच वाक्य जरा अवघड करून लिहिलं.

सप्टेंबरमध्ये गणपती आणि मग परीक्षा. नोंद करण्यासारखं काही झालं नाही.

१९ ऑक्टोबर

पहिली जागापाहणी. पऱ्या अजून गढूळ, पण चालता येतं. एका ठिकाणी कातळाला नैसर्गिक पायरी आहे, तिथे पाणी अडवून पाईपने खाली आणलं की २.१ मीटर उंची मिळते. ही उंची दोरी, स्पिरिट लेव्हल आणि टेपने मोजली, दोनदा. सगळं पाणी एका पन्हळीतून ५० लिटरच्या ड्रमात सोडलं तर २१ ते २२ सेकंदांत भरतो. म्हणजे मिनिटाला साधारण १४० लिटर. भरपूर.

वर टाकीपर्यंतची उंची लंबूने मोबाईलच्या अॅपवर घेतली. पऱ्याकाठी एक आकडा, टाकीपाशी दुसरा, फरक २३ मीटर. पाखाडी (चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट) चढून आम्हाला धाप लागली होती, त्यामुळे २३ सगळ्यांना पटलं.

१६ नोव्हेंबर

बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून, आत प्लॅस्टिकचा कागद. काका आणि वाडीतले दोघं आले म्हणून दुपारपर्यंत उरकलं. आम्ही चौघं इंजिनीअर गोणी कशी शिवायची ते शिकलो.

पाईपची लांबी ठरवली १२ मीटर. ढोबळ नियम असा की मुख्य पाईप उंचीच्या चार ते सात पट लांब हवा. फार आखूड असला तर ठोका बसण्याआधीच दाब परत फिरतो, फार लांब असला तर घर्षणात वेग जातो. आमचं गुणोत्तर ५.७. पाईप दीड इंची.

१४ डिसेंबर

वर्कशॉप. हवेचं भांडं चार इंची पीव्हीसीचं करायचं ठरलं होतं, टोकाला टोपी चिकटवून. वर्कशॉपचे मामा बघत होते. त्यांनी शांतपणे तो तुकडा आमच्या हातातून काढून घेतला. "पाणी भरलेला पीव्हीसी फुटला तर गळतो. हवा भरलेला फुटला तर तुकडे उडतात. डोळे किती आहेत तुमच्याकडे?"

भंगारातून चार इंची जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपचा) ९० सेंटीमीटर तुकडा मिळाला. आतला व्यास १०५ मिलिमीटर, म्हणजे पावणेआठ लिटर. दोन्ही तोंडांना प्लेट वेल्ड केली. वेल्डिंग माझं. पहिल्या प्रयत्नात इलेक्ट्रोड चिकटला, दुसऱ्यात भोक पडलं, तिसरा बरा आला असं वाटलं. हातपंपाने १० बारपर्यंत पाण्याचा दाब दिला तर टोपीच्या कडेला सुईच्या टोकाएवढ्या जागेतून बारीक फवारा. घासून पुन्हा वेल्ड. मामा म्हणाले, "स्लॅग, म्हणजे वेल्डवरची खपली, काढल्याशिवाय दुसरा थर देऊ नये हे पहिल्या वर्षी सांगितलं होतं." सांगितलं होतं.

सांडण्याच्या झडपेसाठी दीड इंची पितळी स्विंग एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने सोडणारी झडप) उलटी लावली, म्हणजे आतली पाकळी स्वतःच्या वजनाने उघडी लोंबते. दुसरी झडप स्प्रिंगची.

१८ जानेवारी २०२५

पहिला दिवस, प्रत्यक्ष पाण्यावर. मुख्य पाईप पीव्हीसीचा, कारण तो पुतण्याकडे पडून होता आणि शेठच्या मते फुकट ते पौष्टिक.

सुरू व्हायला वीसएक वेळा बोटाने पाकळी खाली दाबावी लागली, तोवर टाकीकडे जाणारा काळा पाईप भरत होता. मग अचानक बोट काढलं तरी ठोका पडला. पुन्हा पडला. लंबू मोजत राहिला, शंभरपर्यंत गेला आणि मग मोजायचं थांबून नुसता हसत बसला. मिनिटाला ६१ ठोके.

पुतण्याने वरून हाक मारली, पाणी आलं. १५ लिटरची बादली भरायला बरोबर १० मिनिटं. म्हणजे १.५ लिटर प्रतिमिनिट. खाली सांडलेलं ३१.५. एकूण ३३.

इतर नोंदी : प्रत्येक ठोक्याला मुख्य पाईप सापासारखा उचलला जातो, दगड ठेवूनही. पंप थांबवल्यावर, वरचा पाईप भरलेला असताना, भांड्यावरचा दाब मोजणारा गेज १.४ वर स्थिर. चार वाजता ऊन गेलं, बंद केलं.

कार्यक्षमता, म्हणजे वर गेलेलं पाणी × टाकीची उंची, भागिले एकूण पाणी × बंधाऱ्याची उंची : (१.५ × २३) भागिले (३३ × २.१) = ४९.८ टक्के. पहिल्याच दिवशी पन्नास! येताना लांज्याला भजी.

१ फेब्रुवारी

पाईप का उडतो त्यावर आठवडा गेला. उत्तर द्रव यांत्रिकीच्या जुन्या वहीत सापडलं, वॉटर हॅमर, पाच मार्कांचा प्रश्न. सूत्र मला पाठ होतं. त्यातलं एक अक्षर काय म्हणतंय ते मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

दाबातली उसळी = घनता × दाबलहरीचा वेग × पाण्याच्या वेगातली घट. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्कीने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून १८९८ मध्ये हे मांडलं. मधला जो लहरीचा वेग, तो पाण्याइतकाच पाईपच्या भिंतीवर अवलंबून. भिंत ताठ असेल तर लहर वेगात धावते. भिंत फुगणारी असेल तर पाण्याचा धक्का भिंत खाऊन टाकते. आमच्या मापांसाठी हिशेब केला : पीव्हीसीत सेकंदाला सुमारे ४०० मीटर, जीआयमध्ये सुमारे १३८०. पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर असताना झटक्यात अडवला तर पीव्हीसीत ४ बार, जीआयमध्ये जवळजवळ १४. प्रत्यक्षात झडप क्षणार्धात मिटत नाही, त्यामुळे एवढं मिळणार नाही. जीआयमध्ये लहर १२ मीटर वर जाऊन परत यायला जेमतेम १७ मिलिसेकंद लागतात, पाकळीला त्याहून जास्त वेळ लागत असणार. पण फरकाची दिशा स्पष्ट आहे. उचलला जाणारा पाईप म्हणजे आमच्या टाकीत न पोचलेलं पाणी.

दुपारी जीआयच्या दोन वीस फुटी लांब्या घ्यायला दुकानात. यादी माझ्या हातात, दुकानदार विचारतोय लंबूला. लंबूने दर वेळी माझ्याकडे बघायचं, मी उत्तर द्यायचं, दुकानदाराने पुन्हा लंबूला विचारायचं. बिल ३,७४०. शेठने ते माझ्या नावावर लिहिलं, कारण हट्ट माझा.

१५ फेब्रुवारी

जीआय जोडला. दोन ठिकाणी चिऱ्यांत पक्का आवळला, जोडाला ताग आणि सफेदा, काकांच्या सांगण्यावरून. टेफ्लॉन टेपवर त्यांचा विश्वास नाही.

आवाजच बदलला. आधी धप्प होतं, आता टण्. वाडीत वरपर्यंत ऐकू जातो. ठोके मिनिटाला ५४. वर बादली ४ मिनिटं ४१ सेकंदांत भरली : ३.२ लिटर प्रतिमिनिट. दुपटीहून जास्त. खाली ३६.८, एकूण ४०. एका ठोक्याला वर जातं ६० मिलिलिटरच्या आसपास, एक कटिंग चहा. असे कटिंग दिवसभरात जमले तर ४,६०८ लिटर, टाकी दोनदा भरून वर उरेल.

कार्यक्षमता ८७.६ टक्के.

शेठने स्टेटस ठेवलं. लंबू म्हणतो पेपर लिहू.

१७ फेब्रुवारी

सरांनी ८७.६ भोवती लाल गोल केला आणि काही बोलले नाहीत. पुढच्या पानावरचं बघून वही परत दिली.

बाहेर येऊन लंबू म्हणाला, आवडला असेल. मला रात्री झोप लागली नाही. कारखान्यात बनलेले चांगले रॅम पंप साठ-सत्तर टक्क्यांच्या घरात चालतात. आमच्याकडे भंगारातलं भांडं, दुकानातल्या झडपा आणि माझं वेल्डिंग आहे.

२२ फेब्रुवारी

सगळं पुन्हा मोजायचं म्हणून एकटीच पुतण्याबरोबर आले. बादली तपासली, ठीक. सांडणारं पाणी तीनदा मोजलं, ठीक. २.१ ठीक. उरली ती वरची उंची.

गवंडी वापरतात ती लेव्हल नळी काकांच्या माळ्यावर होती. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सारखी राहते. बुडबुडा राहिला तर सगळं खोटं, म्हणून आधी अर्धा तास बुडबुडे काढण्यात गेला. खालून सुरुवात. एक टोक मी धरायचं, दुसऱ्या टोकाला पुतण्याने काठीवर खूण करायची, मग मी त्याच्या जागी, तो वर. बारा टप्पे. बेरीज १४.२ मीटर.

पुन्हा मोजलं, उलट्या दिशेने. १४.२.

काका सुपारी कातरत ओट्यावर बसले होते. काय चाललंय विचारलं, सांगितलं. म्हणाले, "पाखाडी बापसाने घातली माझ्या. त्रेसष्ट पायऱ्या. चिरा नऊ इंच. मला विचारलं असतं तर." त्रेसष्ट गुणिले नऊ इंच म्हणजे १४.४ मीटर.

संध्याकाळच्या एसटीत वही मागे चाळत होते, कुठल्या कुठल्या पानावर २३ लिहिलंय ते शोधायला. १८ जानेवारीच्या पानावर माझ्याच अक्षरात : पंप थांबवल्यावर गेज १.४ वर स्थिर. भरलेला उभा पाईप, पाणी थांबलेलं, गेज तळाशी. १.४ किलोग्रॅम प्रतिचौरस सेंटीमीटर म्हणजे १४ मीटर पाणी. गेज पहिल्या दिवसापासून १४ सांगत होता. मी तो आकडा इमानदारीने उतरवून घेतला आणि त्याच पानावर खाली २३ ने गुणाकार केला.

सुधारित आकडे : पीव्हीसीवर ३०.७ टक्के, जीआयवर ५४.१. लंबूला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "स्टेटस काढायला सांग शेठला."

२४ फेब्रुवारी

गेज प्रयोगशाळेत डेड वेट टेस्टरवर (ठरावीक वजनं ठेवून गेज तपासायचं यंत्र) तपासला. १, १.५, २, ३, सगळीकडे काटा जागेवर. ज्याच्यावर आम्ही विश्वास ठेवला नाही तो आमच्याकडच्या वस्तूंत सगळ्यात प्रामाणिक निघाला.

सरांना नवे आकडे दाखवले. जुनं पान फाडू नका म्हणाले, आडवी रेघ मारून ठेवा, खालचं वाचता आलं पाहिजे.

१६ मार्च

शिमग्याला सगळे गावी. पालखी काकांच्या अंगणात आली तेव्हा ढोलाच्या तालात खालून पंपाचा टण् टण् येत होता, आणि तो बरोबर नव्हता. काका दोन दिवस म्हणत होते, धडधडतोय. खाली जाऊन बघितलं : काळा पाईप दर ठोक्याला हिसका देतोय, गेजचा काटा वेड्यासारखा नाचतोय, वर पाणी कमी.

कारण पुस्तकात एका ओळीत असतं. भांड्यातली हवा दाबाखाली हळूहळू पाण्यात विरघळून वर निघून जाते. महिनाभरात आमचं भांडं पाण्याने गच्च भरलं होतं, झेलायला उशीच उरली नाही. रिकामं करून पुन्हा लावलं तर लगेच शांत. पण दर महिन्याला कोण रिकामं करणार?

उपाय म्हणजे दुसऱ्या झडपेच्या जरा अलीकडे दीड मिलिमीटरचं भोक. ठोक्यानंतर पाईपमध्ये क्षणभर दाब हवेच्याही खाली जातो, तेवढ्यात ते भोक चिमूटभर हवा ओढून घेतं, आणि पुढच्या ठोक्याला ती भांड्यात जाते. चांगल्या चालणाऱ्या पंपाला मुद्दाम भोक पाडायला माझा हात धजेना. ड्रिल शेवटी पुतण्याने मारलं. आता दर ठोक्याला तिथून बारीक पिचकारी उडते आणि मग हलकंसं फुस्स होतं. शिमग्यातली पिचकारी, असं वाडीतली पोरं म्हणतात. दिवसभर तिथेच असतात.

मोजमाप : ३.१ लिटर. भोकामुळे थोडं गेलं, कायमचा त्रासही गेला.

५ एप्रिल

रिपोर्ट. साठ पानं, त्यातली वीस कुणी वाचणार नाही अशी. एकूण खर्च ९,८६०. वर्कशॉपच्या मामांचं नाव आभाराच्या पानावर सरांच्या वर टाकलं होतं, बाइंडिंगवाल्याकडे जाईपर्यंत ते खाली आलं होतं. कुणी आणलं ते चौघांनाही माहीत नाही म्हणे.

२२ एप्रिल, मंगळवार

तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक निवृत्तीच्या जवळ आलेले. आमच्या आधीच्या गटाची ई-बाईक जिन्यावरून वर आणताना चेन उतरली होती, त्यामुळे खोलीत ग्रीसचा वास.

मॉडेल पऱ्यावर, इथे फक्त व्हिडिओ. त्यांनी स्क्रीनकडे पाठ केली आणि डोळे मिटून नुसता आवाज ऐकला. "मिनिटाला पंचावन्न?" चोपन्न, मी म्हटलं.

मग लंबूला : ऊर्जा कुठून येते? लंबूने नीट सांगितलं, सांडणाऱ्या ३७ लिटरची. शेठला : पाकळीवर वजन वाढवलं तर? ठोके कमी, प्रत्येक ठोका मोठा, पाणी जास्त खाणार. बरोबर.

वही चाळता चाळता रेघ मारलेल्या पानावर थांबले. ८७.६, लाल गोल, आडवी रेघ. "हे कुणी पकडलं?"

मी म्हणणार होते मी, किंवा सरांनी. पुतण्या मधेच म्हणाला, "काकांनी. पायऱ्या मोजून." परीक्षक हसले आणि वहीच्या कडेला त्यांनी ६३ × ९ असं पेन्सिलीने लिहून स्वतः गुणाकार करून बघितला.

४ मे

काकांचा फोन. पऱ्याचं पाणी पाईपच्या तोंडाखाली गेलं, पंप हवा ओढायला लागला आणि शुक्रवारी रात्री आपोआप थांबला. एवढ्या दिवसांची सवय, आवाज बंद झाल्याने जाग आली म्हणाले. दुसऱ्या दिवशी मोटर लावली, ती नेहमीसारखी घूं करून राहिली, मग पहाटे चारला उठून भरली टाकी.

गोण्या पावसाआधी काढायच्या आहेत, नाहीतर पऱ्या घेऊन जाईल. दोन्ही झडपा त्यांनी सोडवून, धुऊन, तेल लावून माळ्यावर टांगल्यात, लेव्हल नळीच्या शेजारी. पाकळीचा वायसर एका बाजूने झिजलाय, त्याच्या कडेला चंद्रकोरीसारखी खाच पडली आहे. फोटो पाठवलाय. नवा चामड्याचा कापून दसऱ्याआधी पाठवायचा, माप ३८ मिलिमीटर, जाडी ४.